लोकप्रिय वामनराव लाखे
रायपूरच्या एका वडीलधाऱ्या स्वातंत्र्यसैनिकाचे स्मरण

रायपूर शहरात लाखेनगर नावाचा एक गजबजलेला भाग आहे. तेथे जावयाचे म्हणून आम्ही एकदा स्टेशनाबाहेर सायकलरिक्षात बसलो आणि वाटेत रिक्षावाल्यास सहज विचारले, "लाखे म्हणजे कोण, ठाऊक आहे का?" त्याने क्षणभर विचार केला आणि मोठ्या विश्वासाने सांगितले की, येथे पूर्वी लाखेचे व्यापारी राहत असतील, त्यावरून हे नाव पडले असावे. छत्तीसगडच्या रानांतून पळस आणि कुसुम या झाडांवरची लाख पिढ्यान्‌पिढ्या गोळा केली जाते, हे ध्यानी घेतले म्हणजे त्याच्या तर्कास अगदीच आधार नव्हता असे म्हणवत नाही. परंतु ज्या पुरुषाच्या नावाने ही वस्ती ओळखली जाते त्याने लाखेचा व्यापार कधी केला नाही. त्याने एक मासिक प्रकाशित केले, एक बँक उभी केली, सरकारने दिलेला किताब परत केला, दोनदा तुरुंगवास भोगला आणि अठ्ठेचाळीस वर्षांच्या सार्वजनिक जीवनानंतर तो स्वतंत्र भारतात निधन पावला. त्याचे नाव वामनराव बळीराम लाखे.

महाराष्ट्राबाहेरील मराठी माणसांचा विषय निघाला म्हणजे आपल्या डोळ्यांपुढे बहुधा बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर किंवा तंजावर ही संस्थाने येतात. रायपूर सहसा येत नाही. वास्तविक अठराव्या शतकाच्या मध्यापासून छत्तीसगड नागपूरकर भोसल्यांच्या अंमलाखाली होते. बिंबाजी भोसले यांनी रतनपुरास राहून १७५८ ते १७८७ पर्यंत येथील कारभार पाहिला. त्या काळापासून कारकून, शिलेदार, भिक्षुक, वैद्य अशी अनेक मराठी घराणी या मुलखात येऊन वसली. रायपूरचे तात्यापारा हे नाव ऐकले तरी त्या वसाहतीची खूण पटते. या घराण्यांनी घरी मराठी राखली, बाजारात छत्तीसगडी आत्मसात केली आणि सभेत हिंदी स्वीकारली. तीन भाषांचा हा संसार त्यांनी कोणताही गाजावाजा न करता चालविला. भाषांतराच्या मेजावर ज्यांचे दिवस जातात अशा आमच्यासारख्यांस तर या माणसांचा थोडासा हेवाच वाटतो.

अशाच एका घरी १७ सप्टेंबर १८७२ रोजी रायपुरात वामनरावांचा जन्म झाला. वडील बळीराम गोविंदराव लाखे यांची आरंभीची परिस्थिती हलाखीची होती. परंतु कष्ट आणि काटकसर यांच्या बळावर त्यांनी पुढे काही गावांची मालगुजारी मिळविली. विदर्भातील वाचकांस हा शब्द नवा नाही. इतरांसाठी सांगावयाचे तर मध्यप्रांतात मालगुजार हा गावाचा सारा वसूल करून सरकारात भरणारा आणि गावाचा मालकी हक्क असलेला गृहस्थ असे. कुळांच्या दृष्टीने तोच राजा, तोच न्यायाधीश आणि पुष्कळदा तोच सावकार. वामनराव मालगुजाराचे चिरंजीव होते, हे वाचकांनी लक्षात ठेवावे. पुढील हकीकतीस त्यामुळेच महत्त्व येते.

रायपूरच्या सरकारी शाळेत त्यांना एक मित्र लाभला. त्याचे नाव माधवराव सप्रे. सप्रे दमोह जिल्ह्यातील पथरिया येथे १९ जून १८७१ रोजी जन्मले. म्हणजे वामनरावांपेक्षा ते जेमतेम सव्वा वर्षाने मोठे. दोघेही मराठीभाषी, दोघांचीही कर्मभूमी छत्तीसगड. स्वभाव मात्र निराळे. सप्रे तेजस्वी, भावनाशील आणि लेखणी हाती घेतल्याखेरीज चैन न पडणारे. लाखे शांत, हिशेबी आणि व्यवहाराची घडी नीट बसविणारे. अशा दोन स्वभावांची मैत्री जमली म्हणजे काहीतरी कार्य उभे राहते.

ते १९०० च्या जानेवारीत उभे राहिले. बिलासपूरच्या उत्तरेस पेंड्रा येथे सप्रे तेथील राजकुमारांचे शिक्षक म्हणून नोकरीस होते. तेथून त्यांनी 'छत्तीसगढ मित्र' हे हिंदी मासिक सुरू केले. संपादक म्हणून सप्रे यांच्यासह रामराव चिंचोलकर यांचे नाव होते आणि प्रकाशक होते वामनराव लाखे. तीन मराठी तरुणांनी, ज्या प्रदेशात मासिक म्हणजे काय हेच बहुतेकांस ठाऊक नव्हते त्या प्रदेशासाठी हिंदी मासिक काढावे, ही घटना आज वाचतानाही नवल वाटते. त्यातही वेळ कोणती? १८९६-९७ च्या दुष्काळातून मध्यप्रांत पुरता सावरला नव्हता, तोच छप्पन्याचा दुष्काळ दारात उभा होता. माणसे अन्नाच्या शोधात गाव सोडून जात होती. मासिकाची वार्षिक वर्गणी दीड रुपया होती. पण तो दीड रुपया भरणारे वर्गणीदार मिळविणे ही मोठी तपश्चर्याच होती.

संपादकाचे नाव इतिहासात राहते. प्रकाशकाचे बहुधा राहत नाही. कागद कोणी आणला, छापखान्याचे बिल कोणी चुकविले, वर्गणी बुडविणाऱ्यांना स्मरणपत्रे कोणी पाठविली, हे कोणी विचारीत नाही. मासिकाच्या धंद्यात काही वर्षे काढल्यावर आमची तर अशी खात्री झाली आहे की, प्रत्येक चांगल्या संपादकाच्या पाठीशी पदरमोड सोसणारा एक माणूस उभा असतो. 'छत्तीसगढ मित्र'च्या पाठीशी वामनराव होते. हिंदीतील आरंभीच्या कथांत जिची गणना होते ती सप्रे यांची 'एक टोकरी भर मिट्टी' ही छोटी कथा याच मासिकात १९०१ साली आली. एका जमीनदाराने गरीब विधवेची झोपडी बळकाविली आणि त्याच्याने तिच्या मातीची एक टोपलीही उचलवेना, अशी ती गोष्ट. मालगुजाराच्या मुलाने ती प्रसिद्ध केली!

तीन वर्षे तोटा सोसून १९०२ च्या अखेरीस मासिक बंद पडले. सप्रे पुढे नागपुरास गेले, १९०७ साली त्यांनी 'हिंदी केसरी' काढला आणि १९०८ साली राजद्रोहाच्या आरोपावरून त्यांना पकडण्यात आले. आप्तांच्या आग्रहास्तव क्षमापत्र लिहून ते सुटले; पण ते क्षमापत्र त्यांच्या जिव्हारी लागले. प्रायश्चित्त म्हणून त्यांनी वर्ध्याजवळच्या हनुमानगडावर राहून माधुकरी मागितली, समर्थांच्या उपासनेत मन रमविले, 'दासबोध' हिंदीत आणला आणि लोकमान्यांच्या 'गीतारहस्या'चे हिंदी रूपांतरही सिद्ध केले. रायपुरास परतल्यावर त्यांनी तेथे रामदासी मठही स्थापिला. रायपूरच्या मराठी मंडळीत भक्ती आणि देशकार्य यांची जी सांगड पडली तिचे मूळ येथे आहे. सप्रे यांच्या भक्तीने वैराग्याचे रूप घेतले. वामनरावांनी मात्र संसार सोडला नाही, गावही सोडला नाही. 'आधी प्रपंच करावा नेटका' हा समर्थांचा उपदेश दोघांपैकी वामनरावांनी अधिक अंगी बाणविला असे म्हटले तर सप्रेभक्तांनी रागावू नये.

१९०४ साली वामनराव कायद्याची परीक्षा उत्तीर्ण झाले. योगायोग असा की, त्याच साली हिंदुस्थान सरकारने सहकारी पतपेढ्यांचा पहिला कायदा केला. या कायद्याचे महत्त्व समजण्यासाठी त्या वेळच्या छत्तीसगडातील शेतकऱ्याचा वार्षिक क्रम डोळ्यांपुढे आणला पाहिजे. पीक एकच, भाताचे. पाऊस पडला तर धान, नाही तर काही नाही. आषाढात बियाणे हवे, श्रावणात पोटाला हवे. ते सावकाराच्या कोठारातून यावयाचे आणि सुगीला सवाई-दिढीने परत जावयाचे. म्हणजे चार कुडव धान्य नेले तर पाच किंवा सहा परत. एखादे वर्ष बुडाले की व्याज मुद्दलात मिळावे आणि दुसऱ्या वर्षी बैल जावेत, तिसऱ्या वर्षी शेत. हा पाश कायद्याने तुटण्याजोगा नव्हता. सावकार दुष्ट होता म्हणूनच असे घडे असे नव्हे. पेरणीच्या आठवड्यात उधार देणारा दुसरा कोणीच नव्हता, ही खरी अडचण होती.

सहकारी पतपेढीची युक्ती साधी होती. गावातील दहा-पंधरा शेतकऱ्यांनी एकत्र यावे, एकमेकांस जामीन राहावे आणि सर्वांच्या एकत्रित पतीवर कर्ज काढावे. एकट्याला जो पैसा कोणी देणार नाही तो सर्वांना मिळतो. आणि शेजारी जामीन असल्यामुळे घेणाराही उधळपट्टी करीत नाही, कारण शेजाऱ्याची नजर त्याच्या खळ्यावर असते. परंतु गावातील पतपेढीस पैसा आणावयाचा कोठून? १९१२ च्या दुसऱ्या कायद्याने मध्यवर्ती बँकांना मान्यता दिली आणि हा प्रश्न सुटला. शहरातील सुस्थितीतील लोकांच्या ठेवी घ्यावयाच्या आणि त्या गावोगावच्या पेढ्यांमार्फत शेतापर्यंत पोहोचवावयाच्या. १९१३ साली रायपुरात अशी मध्यवर्ती सहकारी बँक स्थापन झाली. तिचे प्रवर्तक आणि मानद कार्यवाह वामनराव होते. दोन दशकांहून अधिक काळ, १९३६ पर्यंत, त्यांनी कार्यवाहाचे हे काम विनावेतन केले.

विनावेतन हा शब्द आपण आज सहज वाचून पुढे जातो. बँकेचा कार्यवाह म्हणजे रोजची खातेवही, वसुलीच्या तक्रारी, बुडीत कर्जांची डोकेदुखी आणि ठेवीदारांच्या शंका. ज्या मालगुजार वर्गात वामनराव जन्मले त्या वर्गाचे उत्पन्न ज्या उधारीवर पोसले जात होते, तिलाच ते या बँकेने पर्याय निर्माण करीत होते. सभेत सावकारीवर टीका करणे सोपे. त्याच सावकाराच्या शेजारी बसून त्याची ठेव बँकेत आणणे कठीण. वामनरावांनी दुसरा मार्ग पत्करला. धर्म म्हणजे काय, असे त्यांना कोणी विचारले असते तर त्यांनी बहुधा कीर्द पुढे सरकविली असती.

या कामगिरीची आणि नगरपालिकेतील सेवेची (नगरपालिकेचे अध्यक्षपद त्यांनी दोनदा भूषविले) दखल घेऊन सरकारने १९१६ साली त्यांस 'रायसाहेब' हा किताब दिला. त्या काळी किताब म्हणजे केवळ नावामागचे अक्षर नव्हते. कलेक्टराच्या दरबारात खुर्ची, अर्ज गेला तर लगेच उत्तर, मुलाबाळांच्या नोकरीची सोय, असे पुष्कळ काही त्यामागून येत असे. बँकेसारख्या संस्थेस तर सरकारी मर्जीची नित्य गरज, कारण सहकारी संस्थांची नोंदणी आणि तपासणी सरकारी निबंधकाच्या हाती असे.

आणि नेमके येथेच १९२० साल आले. १ ऑगस्टला लोकमान्य टिळक गेले, असहकाराचे पर्व सुरू झाले. छत्तीसगडात धमतरीजवळ कंडेल येथे कालव्याच्या पाणीपट्टीवरून शेतकऱ्यांचा सत्याग्रह चालू होता. पंडित सुंदरलाल शर्मा त्यात अग्रभागी होते. त्या वर्षीच्या डिसेंबरात महात्मा गांधी रायपुरास आले. किताब परत करा, हे असहकाराचे पहिले कलम. ज्यांच्याजवळ किताब नव्हता त्यांना ते पाळणे अवघड नव्हते. वामनरावांजवळ किताब होता, पाठीशी मालगुजारी होती आणि सर्वांत मोठी जोखीम म्हणजे सात वर्षे वाढविलेली बँक होती. सरकारची इतराजी झाली तर केवळ त्यांचे स्वतःचे नव्हे, शेकडो शेतकऱ्यांच्या पेरणीचे काय होईल, हा विचार त्यांच्यासारख्या हिशेबी माणसाच्या मनात आला नसेल असे संभवत नाही.

त्यांनी किताब परत केला. बँक मात्र सोडली नाही. उतावळ्या देशभक्तास यात विसंगती दिसेल. आमच्या मते त्यांच्या सबंध आयुष्यातील सर्वांत विचारी निर्णय हाच. सरकारने दिलेले ते परत करावयाचे. लोकांनी विश्वासाने ठेवावयास दिलेले परत करता येत नाही, ते सांभाळावेच लागते. रायपूरकरांनी हे ओळखले. जाहीर सभेत त्यांनी वामनरावांस 'लोकप्रिय' ही पदवी अर्पण केली आणि तेव्हापासून 'रायसाहेब' गेले, 'लोकप्रिय वामनराव लाखे' राहिले. आज 'लोकप्रिय' हा शब्द आपण नटांना आणि साबणांना लावतो. त्या वर्षी तो उच्चारताना ऐकणाऱ्याच्या कानी 'लोकमान्य' हा शब्द ताजा होता, हे विसरून चालणार नाही.

१९२१ साली रायपुरात राष्ट्रीय विद्यालय सुरू झाले, त्याच्या व्यवस्थेचा भार त्यांनी उचलला. १९२२ मध्ये जिल्हा काँग्रेसचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. १९२६ च्या २३ एप्रिलला माधवराव सप्रे रायपुरातच निवर्तले. शाळेपासूनचा सोबती गेला त्या वेळी वामनराव त्रेपन्न वर्षांचे होते. त्या वयात त्या काळचा सामान्य गृहस्थ कारभार मुलांच्या हाती देऊन जपमाळ घेत असे. वामनरावांचा पहिला तुरुंगवास अद्याप चार वर्षे पुढे होता.

१९३० साली देशभर मिठाचा सत्याग्रह पेटला. रायपूर समुद्रापासून शेकडो मैल दूर. खारे पाणी आणावयाचे कोठून? तेथील सत्याग्रहींनी यावर तोड काढली. कॉस्टिक सोडा आणि हायड्रोक्लोरिक आम्ल एकत्र करून त्यांनी सभेत मीठ तयार केले आणि कायदा मोडला! रसायनशास्त्राच्या पुस्तकातील पहिल्या धड्याने साम्राज्यास आव्हान दिल्याचे हे उदाहरण शाळेतील शिक्षकांनी मुलांस अवश्य सांगावे.

या आंदोलनाचे नेतृत्व पाच जणांकडे होते आणि लोकांनी त्यांना 'पाच पांडव' असे नाव दिले. अर्जुन म्हणजे ठाकूर प्यारेलाल सिंह. राजनांदगावच्या गिरणी कामगारांचा १९२० मधील संप लढविणारे, वयाने चाळिशीच्या आतले. भीम म्हणजे जैतूसाव मठाचे महंत लक्ष्मीनारायण दास. देवळाच्या ओवऱ्या ज्यांनी स्वराज्याच्या कार्यकर्त्यांना मोकळ्या करून दिल्या ते. नकुल होते मौलाना अब्दुल रऊफ आणि सहदेव होते शिवदास डागा. आणि या सर्वांत वडील, सत्तावन्न वर्षांचे वामनराव लाखे, ते युधिष्ठिर. एक मराठी वकील, एक ठाकूर, एक वैष्णव महंत, एक मौलवी आणि एक मारवाडी गृहस्थ यांना एका मातेचे पुत्र मानण्यात त्या गावाला काहीच अवघड वाटले नाही. विद्वानांच्या समितीने ही उपमा सुचविली असती तर तीत पन्नास हरकती निघाल्या असत्या. ती बाजारात जन्मली, म्हणून टिकली.

युधिष्ठिराची भूमिका मात्र सोपी नसते. अर्जुनाचा पराक्रम दिसतो, भीमाचा आवाज ऐकू येतो. धर्मराजाकडून लोक एवढीच अपेक्षा करतात की, त्याने चुकू नये. शांत म्हणून ख्याती असलेल्या वामनरावांनी त्या वर्षी सरकारवर इतके कठोर भाषण केले की, त्यांना एक वर्षाची कैद आणि दंडाची सजा झाली. आयुष्यभर तोलून बोलणारा माणूस जेव्हा एकदाच न तोलता बोलतो, तेव्हा ऐकणाऱ्याच्या मनावर त्याचा परिणाम कसा होत असेल याची कल्पनाच करावी.

त्यानंतर दहा वर्षांनी वैयक्तिक सत्याग्रहाची हाक आली. या सत्याग्रहात गर्दी नव्हती, मिरवणूक नव्हती. निवडलेल्या माणसाने एकट्याने उभे राहून युद्धविरोधी घोषणा द्यावयाची आणि पकडले जावयाचे. १९४१ मध्ये अडुसष्ट वर्षांचे वामनराव रायपूरच्या उत्तरेस सिमगा या गावी गेले, सत्याग्रह केला आणि चार महिन्यांची शिक्षा भोगण्यासाठी नागपूरच्या तुरुंगात दाखल झाले. ज्या नागपुराशी छत्तीसगडातील मराठी घराण्यांचा भोसलेशाहीपासून संबंध, त्याच नागपुरात 'लोकप्रिय' वामनराव कैदी म्हणून राहिले. घरातील आजोबा या वयात प्रवासास निघाले तरी आपण दहा सूचना देतो, औषधाची पुडी सोबत बांधतो. त्या घरी त्या दिवशी काय बांधून दिले असेल?

सुटून आल्यावर त्यांनी विश्रांती घेतली असेल असा तर्क कोणी केला तर तोही चुकेल. १९४५ साली, बहात्तराव्या-त्र्याहत्तराव्या वर्षी, बलौदाबाजार येथे शेतकऱ्यांची सहकारी भातगिरणी उभारण्यात ते पुढे होते. यातील दृष्टी ध्यानात घेण्याजोगी आहे. १९१३ साली त्यांनी शेतकऱ्याला पेरणीसाठी स्वस्त पैसा मिळवून दिला. परंतु पीक आले म्हणजे ते गिरणीवाल्याच्या भावाने विकावे लागे आणि पेरणीत वाचलेला पैसा विक्रीत जाई. बत्तीस वर्षे खातेवह्या पाहिलेल्या माणसाला ही गळती कोठे आहे हे कळले होते. धान शेतकऱ्याचे, गिरणीही शेतकऱ्याची, म्हणजे तांदळाचा नफा गावात राहील, असा हा हिशेब होता. महाराष्ट्रात प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना यानंतर काही वर्षांनी निघाला, हे आपल्या वाचकांनी ताडून पाहावे.

१५ ऑगस्ट १९४७ रोजी वामनराव चौऱ्याहत्तर वर्षांचे होते. सप्रे हा दिवस पाहू शकले नाहीत, सुंदरलाल शर्माही १९४० सालीच गेले होते. वामनरावांस स्वातंत्र्याचे एक पूर्ण वर्ष लाभले. पहिला वाढदिवस साजरा होऊन सहा दिवस झाले आणि २१ ऑगस्ट १९४८ रोजी त्यांची प्राणज्योत मालवली. त्यानंतर तीन वर्षांच्या आत मध्यप्रांतातील मालगुजारी कायद्याने संपुष्टात आली.

रायपूर आज छत्तीसगड राज्याची राजधानी आहे. १ नोव्हेंबर २००० रोजी ते राज्य अस्तित्वात आले. बुढापाऱ्यात सप्रे यांच्या नावाची शाळा आहे, लाखे यांच्याही नावाची शाळा आहे. दोन मित्रांची नावे अशी एकाच शहरात शाळकरी मुलांच्या तोंडी राहिली आहेत. आमच्या रिक्षावाल्याने आम्हांस लाखेनगरच्या चौकात उतरविले, भाडे मोजून घेतले आणि मग आपण होऊन विचारले, "मग ते लाखे होते तरी कोण?" दुपारची वेळ होती, त्यालाही गिऱ्हाईक नव्हते. आम्ही बँकेपासून सुरुवात केली. धानाच्या गिरणीपर्यंत आलो तेव्हा तो म्हणाला, आपले गाव बलौदाबाजारकडचेच.